नातेपुत्याहून कशानं आणलं

मी माणसांची चरित्रं लिहितो. स्वतःहून नव्हे, घरचे सांगतात, मी लिहितो. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली आणि निवृत्तीनंतर हा उद्योग मागे लागला. आजवर एकोणीस झाली. त्यांत दोन पैलवान, एक मठाधिपती, एक डॉक्टर आणि उरलेले सगळे व्यापारी. यांतली सोळा माणसं मी कधी पाहिली नव्हती आणि ती लिहायला काही त्रास झाला नाही. जी तीन पाहिली होती, त्यांनी घाम काढला. गेलेला माणूस सोपा असतो, त्याच्या घरचे अवघड असतात.

विसावं चरित्र कवी शशिशेखर यांचं. खरं नाव प्रभुलिंग करजगीकर, जन्म १८७६. यंदा दीडशेवं वर्ष म्हणून त्यांचे नातू शरणप्पा यांनी समिती काढली. शरणप्पांचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे, वय बहात्तर, माणूस सज्जन आणि घाईचा. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्रेचाळीस जण होते आणि त्यांतल्या एकानंही कवींची एक ओळ वाचलेली नव्हती. मीही नव्हती. अक्कलकोट रस्त्याला करजगीकरांच्या शेताच्या कडेला कवींची समाधी आहे. तिथं अर्धपुतळा बसवायचा आणि त्याच दिवशी चोवीस पानांची पुस्तिका वाटायची, असं ठरलं होतं.

माझा एक नियम आहे. कामाला लागण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला भेटायचं, आणि छापायला देण्याआधी सगळा मजकूर त्याच माणसाला वाचून दाखवायचा. एका पैलवानाच्या पुस्तकात मी त्याच्या दोन बायकांचा क्रम चुकवला होता, तेव्हापासून हा नियम. शरणप्पांना तो फारसा रुचला नाही, पण त्यांनी मला घरी नेलं.

घरातलं सर्वांत म्हातारं माणूस म्हणजे त्यांची आत्या बसम्मा. कवींची दुसऱ्या बायकोपासूनची मुलगी, वय चौऱ्याण्णव. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या माणसाची सख्खी मुलगी माझ्यासमोर पलंगावर बसून सुपारी कातरत होती, हे मला जरा विचित्रच वाटलं. विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची. दृष्टी गेलेली, कान शाबूत. खुब्याचं हाड मोडेपर्यंत, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत, ती दर सोमवारी समाधीवर जात होती. बेल, विभूती आणि घरात जे शिजेल त्याचा नैवेद्य. समाधीच्या डाव्या अंगाला तिनं स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती आणि तिथं कुणाला झाड लावू देत नव्हती.

वडिलांविषयी तिनं मला बरंच सांगितलं, बहुतेक आईकडून ऐकलेलं. मग मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "मास्तर, ह्ये समदं लिवा न लिवा. माजं येकच काम करा. आप्पा नातेपुत्याला वारले. तितनं हितं त्येंना कशानं आणलं, येवढं शोधून काडा."

ती त्या वेळी सहा वर्षांची होती, आईबरोबर अक्कलकोटला आजोळी गेलेली. आठव्या दिवशी निरोप आला, तोवर समाधी बांधून झाली होती. मोठेपणी तिनं थोरल्या भावाला विचारलं, तो म्हणाला मोटारीनं आणलं. मधल्याला विचारलं, तो म्हणाला रेल्वेनं. नातेपुत्याला रेल्वे आजही नाही. आईला विचारलं तर ती "आणलं बाई" म्हणून चुलीपाशी उठून गेली. तेव्हापासून हा प्रश्न तिच्या डोक्यात होता. पुस्तक व्हावं असा धोशा शरणप्पांच्या मागे तिनंच लावला होता, हे मला नंतर कळलं.

कामाला लागलो. शशिशेखर हे फार मोठे कवी नव्हते. हे मी पुस्तिकेत लिहिलेलं नाही, इथं लिहितो. शिक्षण मराठी पाचवी, घरी बोलणं कानडी. विसाव्या वर्षी एका संगीत नाटक कंपनीत शिरले आणि बावीस वर्षं पदं लिहीत राहिले. तिथली कामाची रीत अशी होती की चाल आधी आणि शब्द मागून. पेटीवाला एखादी चाल वाजवायचा, नट ती 'ना ना ना' करून गुणगुणायचा आणि कवी मागे पोत्यावर बसून तिच्यात शब्द भरायचे. शशिशेखर कानडी चाली घरूनच घेऊन आलेले असल्यानं कंपनीला ते सोयीचे पडले. चार नाटकांची पदं मी वाचली. दोन पदं चांगली आहेत. एक फार चांगलं आहे.

कंपनी मोडली. मग ते मूकपटांच्या धंद्यात गेले. मूकपटात मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या यायच्या, त्या लिहिण्याचं काम त्यांना मिळालं. चार शब्दांत राग, पाच शब्दांत वियोग. पदं लिहून झालेल्या माणसाला ही शिक्षाच वाटली असणार, पण त्यांनी ती पाच वर्षं भोगली आणि मग सोलापूरला परत येऊन त्याहून खालचं काम धरलं. थिएटरात पडद्याच्या कडेला उभं राहून त्याच पाट्या मोठ्यानं वाचायच्या. प्रेक्षक गिरणीतले, वाचता न येणारे. शशिशेखर एकच पाटी मराठीत, कानडीत आणि तेलुगूत वाचायचे, आणि पुढच्या बाकांवर दखनी बोलणारे दिसले की त्यांच्यासाठी चौथ्यांदा.

हेच काम त्यांनी आयुष्यात सगळ्यात उत्तम केलं असं माझं मत आहे. बसम्माच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते पाटीवर असेल तेच वाचतील याचा भरवसा नसे. गिरणीतली एक बाई बाळंतपणात गेली त्या आठवड्यात पडद्यावरची बाई मेल्याची पाटी आली, तेव्हा त्यांनी 'तिला झोप लागली' एवढंच वाचलं, चारही भाषांत. मालकानं त्यांची त्या दिवसाची हजेरी कापली. मी मुद्रितशोधक; समोर छापलंय ते वाचावं, या मताचा. मला मालकाचंच पटलं.

बोलपट आले आणि पाट्या गेल्या. पण खेड्यापाड्यांत जत्रांना फिरणाऱ्या तंबूंत जुने मूकपट स्वस्तात मिळत म्हणून आणखी काही वर्षं चालत राहिले. बासष्टाव्या वर्षी कवी शशिशेखर अशाच एका तंबूबरोबर हिंडू लागले. नातेपुत्याच्या शिक्क्याचं त्यांचं शेवटचं कार्ड शरणप्पांच्या कपाटात होतं. त्यात प्रकृती, हवा आणि 'वैरागकरांचा तंबू बरा आहे' एवढाच मजकूर.

नातेपुत्यात काही मिळालं नाही. ज्यांना आठवावं असं कुणी उरलेलं नव्हतं, आणि जे उरले होते त्यांना तंबू आठवत होता, कवी आठवत नव्हते. मग एसटीनं वैरागला गेलो. तंबूच्या मालकाचा नातू बिभीषण याचं बाजारपेठेत मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आजोबांच्या फिल्मच्या रिळांचे पत्र्याचे डबे त्याच्या बायकोनं डाळी भरायला घेतले होते. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नाही. आजोबांच्या डायऱ्या मात्र त्यानं ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. म्हणाला, "आज्याचं अक्षर चांगलं हाय म्हनून टाकल्या न्हाईत." १९३८ ची डायरी त्यानं मला दुकानाच्या काउंटरवर वाचायला दिली आणि स्वतः गिऱ्हाईक बघायला लागला.

मी पुढच्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घेतल्या.

'ता. ११ मार्च. कवी शशिशेखर पहाटे गेले. दोन दिवस ताप होता. सोलापुरास तार केली. ऊन फार. दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली, कोणी आले नाही. गावातून भटजी आणविले. ओढ्याकाठी अग्नी दिला. चंदनाचे एक लाकूड मिळाले ते घातले. खेळ बंद ठेवला.'

'ता. १३. कवींचे थोरले चिरंजीव आले. गळ्यातील चांदीची डबी, चष्मा व वही हवाली केली. मी डबी ताईताची समजलो होतो. चिरंजीव डबी हातात घेऊन खालीच बसले. मग म्हणाले, आमच्यात जाळत नाहीत. आम्हास ठाऊक नव्हते. कवींनी कधी सांगितले नाही, आम्ही कधी विचारले नाही.'

'ता. १४. खेळ चालू. पाट्या वाचायला माणूस नाही. लोक ओरडले.'

करजगीकर लिंगायत, आणि लिंगायताला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात डबीत घालून बाळगलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच मातीत पुरतात. हे लिंग म्हणजे त्याचा देवही आणि रोजची पूजाही. ते एकाचं दुसऱ्याला चालत नाही. तंबूतल्या लोकांना शशिशेखर दिसले ते असे: कपाळाला भस्म, आंघोळ-पूजेशिवाय तोंडात पाणी नाही, मटणाच्या पंगतीला बाजूला, आणि बोलणं नाटकातल्यासारखं शुद्ध मराठी. त्यांनी त्यांना ब्राह्मण धरलं. चाळीस वर्षं नाटक-सिनेमात टोपणनावानं काढलेल्या माणसाची जात कुणाच्या लक्षात राहिली नव्हती आणि त्यांनीही तिची कुणाला आठवण करून दिली नव्हती. तंबूतल्यांनी त्यांना आपल्या समजुतीप्रमाणे सगळ्यांत मोठा मान दिला. चूक झाली ती त्या मानातूनच झाली.

काउंटरवर बसल्या बसल्या मला एकदम बसम्माचे सोमवार आठवले. बहात्तर वर्षांचे सोमवार, आणि त्या दगडाखाली असलीच तर फक्त डबी. मला वाईट वाटलं. कामाच्या वेळी असं वाटणं मला आवडत नाही.

सोलापूरला येऊन शरणप्पांना दुकानात गाठलं आणि फोनमधले डायरीचे फोटो पुढे केले. त्यांनी चष्मा लावला, पहिली नोंद वाचली, दुसरी अर्धी वाचली आणि फोन परत दिला. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. डायरीतले थोरले चिरंजीव म्हणजे त्यांचे वडील. त्यांनी जाण्याआधी दोन महिने हे शरणप्पांना सांगितलं होतं आणि आत्याला सांगणार नाही असं वचन घेतलं होतं. गावात कळलं असतं तर मठात काय तोंड दाखवणार, म्हणून भावांनी डबी पुरून वर समाधी बांधली. पुढे पोरगी मोठी झाली, विधवा होऊन घरी आली, सोमवार धरून बसली, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही.

शरणप्पांनी मला चहा पाजला आणि तोडगा सुचवला. 'नातेपुते मुक्कामी निधन. समाधी सोलापूर येथे.' दोन्ही वाक्यं खरी. मधलं गाळायचं. मी म्हटलं, आत्यांनी मधलंच विचारलंय. ते म्हणाले की मग मोटारीनं आणलं असं लिहा, वडील तसंच सांगत होते. मी चिडलो. खोटं लिहायचं असेल तर समितीत त्रेचाळीस जण आहेत, त्यांतल्या कुणालाही सांगा, असं म्हणालो. ते चिडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सर, चौऱ्याण्णव वर्षांचं माणूस हाय. त्या जागेच्या आशेवर टिकलंय. तुमी पुस्तक देऊन जानार, ऱ्हानार आमी."

हे बरोबर होतं. मी घरी गेलो आणि दोन मजकूर तयार केले, एक गाळलेला, एक न गाळलेला. आयुष्यात पहिल्यांदाच केलं. कुठला वाचायचा ते ठरवलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. गाळलेला वर ठेवला होता.

वाचन गुरुवारी सकाळी झालं. बसम्मा आंघोळ-पूजा करून, भस्म लावून बसली होती. शरणप्पा दुकान उशिरा उघडणार होते, ते दाराशी खुर्ची टाकून बसले. मी सुरुवात केली. जन्म, शाळा, कंपनी. पेटीवाल्याच्या चालीचा भाग आला तेव्हा तिनं मला थांबवून एक चाल कानडी शब्दांसकट म्हणून दाखवली. आवाज फाटलेला होता, पण ताल सुटला नाही. मूकपट झाले, पाट्या झाल्या, तंबू आला. मी नातेपुत्याचा परिच्छेद वाचला, समाधीचा वाचला आणि पान उलटलं.

"कशानं आणलं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, पुढे येतंय. पुढे येत नव्हतं. शरणप्पा माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटली. ती आंधळी म्हणून तिच्यापासून काही लपवता येईल हा माझा अंदाज चुकला होता. चारही भाषांत 'तिला झोप लागली' म्हणणारे तिचे वडील असते तर त्यांना या जागी काहीतरी सुचलं असतं. मला सुचलं नाही. माझं सगळं आयुष्य छापलेलं जसंच्या तसं वाचण्यात गेलं होतं.

मी शरणप्पांना म्हटलं, "मी वाचतो." त्यांनी मान खाली घातली. मी खालचे कागद वर काढले आणि डायरीच्या तिन्ही नोंदी वाचल्या, तारखांसकट, शेवटच्या 'लोक ओरडले' पर्यंत.

स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्या मी मोजल्या. तीन. मग तिनं विचारलं, "जाळलं व्हय?"

मी हो म्हटलं.

"कुनीच नव्हतं घरचं?"

"कुणी नव्हतं. तार उशिरा पोचली असणार."

ती शरणप्पांकडे वळली. ते कुठे बसलेत हे तिला श्वासावरून कळत असावं. "तुला ठावं हुतं."

शरणप्पांनी व्हय म्हटलं. वडिलांनी शपथ घातल्याचं सांगितलं, माफी मागितली, आणखीही काही म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही. तिनं त्यांना बोलू दिलं. ती रडेल, शिव्या देईल, पुस्तक नको म्हणेल, यांतलं काहीही होईल असं मी धरून चाललो होतो. ती पुढे वाकून मला म्हणाली, त्या तंबूवाल्यानं चंदन घातलं ते परत वाचा. मी परत वाचलं.

"चांगला मानूस हुता," ती म्हणाली. "आमच्या लोकांनी येवढं बी केलं न्हाई. डबी पुरून मोकळे झाले."

मग तिनं शरणप्पांना विचारायला सुरुवात केली, एकेक, कोर्टात विचारावं तसं. डबीत लिंग होतं ना? होतं. उघडून बघितलं होतं? वडिलांनी बघितलं होतं. किती खोल पुरलीय? कमरेइतकं. खाली काय घातलं? विभूती. हातावर कुणाच्या ठेवली होती? शरणप्पांना हा प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, कुणाच्या हातावर, आत्या, माणूसच नव्हता. नुसती मातीत ठेवली.

"तसंच म्हन्ते मी," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी वर्सं त्या लिंगाला हात न्हाई. मी वर बेल वाहत बसले आन ते खाली मातीत. सोमवारचं सोड, रोजचं लागतं की त्येला."

शरणप्पा तिची समजूत घालायला लागले. पुतळ्याच्या दिवशी मठातून स्वामींना बोलावू, अभिषेक करू, त्यांना विचारून जे काय विधी असतील ते करू. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की पुतळा कुठंही बसवा, समाधीवर बसवू नका. तो दगड एकदा काढावा लागणार आहे. ती गेल्यावर तिला शेजारच्या जागेत ठेवायचं नाही, तिथंच आत ठेवायचं.

शरणप्पा उठून उभे राहिले. समाधी उघडणं साधी गोष्ट नाही, आणि उघडून करणार काय? एका माणसाबरोबर एकच लिंग जातं, दुसऱ्याचं ठेवता येत नाही, हे आता आम्ही तुला शिकवायचं का, असं ते जवळजवळ ओरडून म्हणाले. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं.

बसम्मानं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. आधी डावा जरा वर उचलला.

"ह्यात माजं," ती म्हणाली. "उजवा रिकामाच ऱ्हातो की."